सोबत कोण?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर.)



माझ्या ताईबद्दल मी बोलावं असं गटानं ठरवलं. मला भाषणाची सवय नाही. मी सांगलीत शिवणकाम करते, बोलणं झालं तर मापाचं आणि अस्तराचं. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते. मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्या.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तासगाव तालुक्यातल्या एका वाडीवर १९९८ पासून अंगणवाडी चालवत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली, तेव्हा ५४ वर्षांची होती. नऊ वर्षं आजारी, त्यातली शेवटची सहा डायलिसिसवर.

ती गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायका दोनच गोष्टी बोलत. एक, "लई सोसलं बाईनं." दुसरी, "नवऱ्याला जीवदान दिलं." दोन्ही खऱ्या आहेत. पण जीवदान दिलं २००४ साली, आणि सोसणं दिसायला लागलं २०१५ साली. मधल्या अकरा वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

२००४ साली दाजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. वय चाळिशीच्या आत, पदरात दोन पोरं, दोन एकर द्राक्षबाग कर्जात. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर माणूस उभा राहील. आपल्याकडं यासाठी १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे, महाराष्ट्रात तो फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. गरिबांच्या किडन्या विकत घ्यायचा धंदा बंद व्हावा, हा त्याचा एक मोठा हेतू. त्या कायद्याप्रमाणे तेव्हा आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी आणि नवरा-बायको हे जवळचे नातेवाईक होते. म्हणजे दाजींना देऊ शकणारे कोण? वडील, आई, दोन सख्खे भाऊ, एक बहीण आणि ताई. आईंना साखरेचा आजार, त्या बाद. उरली पाच माणसं. त्यातल्या एकाच माणसाचं रक्त तपासायला गेलं. ताईचा गट ओ निघाला. ओ गटाची किडनी कुठल्याही गटाला चालते. घरात म्हणाले, देवानंच जोडी जुळवलेली.

हे सांगितलं की काहीजणींना वाटतं, ताईवर जबरदस्ती झाली. तसं नव्हतं. तिनं मनापासून दिली. मी तेव्हा आठ दिवस तिच्याजवळ होते, रात्री आम्ही बोलत होतो. ती म्हणाली, "आगं, दिली तर घर राहतंय. न दिली तर मी, दोन पोरं आणि मानधन." आणि मग तिच्या पद्धतीनं हसून, "सावित्रीनं यमाला बोलण्यात गुंडाळलं. मला तेवढं बोलाय येत न्हाई, मी आपली वस्तूच देते." तिचा दाजींवर जीव होता. त्या जीव असण्याला मी कमी लेखणार नाही. स्त्रीमुक्तीच्या नावाखाली बाईच्या प्रेमाला बावळटपणा ठरवायची आपल्यातही कधीकधी सवय असते, ती मला आवडत नाही.

प्रश्न ताईनं का दिली हा नाही. बाकी चौघांना कुणी विचारलंच का नाही, हा आहे. थोरल्या दिरांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही, ते कर्ते. धाकट्याचं लग्न ठरायचं होतं. नणंद दुसऱ्याच्या घरची. आणि ताई? तीही कमावती होती, तिलाही लहान पोरं होती. पण ती धरूनच चाललेली होती.

संमती कशी घेतली तेही ऐका. खोलीत दाजी, सासरे, थोरले दीर आणि ताई. समोरून प्रश्न आला, "तुमची संमती आहे ना?" ज्यांना बाईचं जिणं माहीत आहे त्यांना त्या शेवटच्या 'ना'चं वजन कळेल. पुढं २०१४ चे नियम आले. देणारी व्यक्ती बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची संमती स्वतंत्र आहे याची खात्री किडनी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. हा नियम आपल्या सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. कुठल्या मैत्रिणीवर अशी वेळ आली तर तिच्याशी एकटीशी, दार लावून बोला, असा आग्रह आपण धरू शकतो.

ऑपरेशन झालं. बरगडीखालून पाठीपर्यंत हातभर टाके. दाजींना लगेच हुशारी आली, ताई मात्र महिनाभर वाकून चालत होती. वाडीतल्या बायकांनी हळदीकुंकू ठेवून तिची ओटी भरली, ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला. 'आधुनिक सावित्री' असं कुणीतरी फळ्यावर लिहिलं होतं. त्यातलं 'सावित्री' चुकलेलं होतं, ताईनं उठून ते दुरुस्त केलं.

घरी येताना दाजींच्या हातात जाड फाईल होती. दर महिन्याला यायचं, हे रक्त, ते रक्त, या गोळ्या जन्मभर. ताईच्या हातात दोन पानांचं कार्ड. शेवटी लिहिलेलं, टाके दाखवायला या. ती टाके दाखवून आली आणि तिचा दवाखाना संपला.

दाजींच्या गोळ्यांचं वेळापत्रक ताईनंच भिंतीवर लावलं, अंगणवाडीतल्या तक्त्यासारखं रंगीत. सकाळ-संध्याकाळ ती खूण करायची. स्वतःची पाठ दुखली की दुकानातून दुखण्याची गोळी आणायची. एकच किडनी असलेल्या माणसानं असल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात, हे तिला सांगितलेलं नव्हतं. वर्षातून एकदा बीपी, लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं असतं, हेही नाही. तीन तपासण्या, वर्षातून एकदा.

आणि बीपीचं मशीन तर दर महिन्याला तिच्याच अंगणवाडीत येत होतं! लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई यायच्या, गरोदर बायकांचं बीपी बघायच्या. ताई सतरंजी घालायची, पोरांची वजनं करायची, रजिस्टर भरायची. कुठलं पोर किती ग्रॅमनं घटलं हे तिला न बघता सांगता यायचं. २०१५ च्या जुलैत एकदा गर्दी कमी होती म्हणून नर्सबाई म्हणाल्या, "ताई, बसा, तुमचंही बघू." १९० वर ११०. मशीन बिघडलं म्हणून पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. क्रिएटिनिन तीनच्या पुढं गेलेलं.

इथं थोडं थांबून सांगते, नाहीतर घाबरून कुणी किडनी द्यायची बंद होईल. किडनी दिली की देणाऱ्याची दुसरी जातेच, असं अजिबात नाही. २०१४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या हिशेबाप्रमाणे, किडनी दिलेल्या दहा हजार लोकांत जन्मभरात साधारण ९० जणांची किडनी निकामी होते. तितक्याच निरोगी, पण न दिलेल्या दहा हजारांत १४ जणांची. आणि कसलीही निवड न करता सरसकट दहा हजार माणसं घेतली तर ३२६ जणांची. म्हणजे धोका थोडा आहे, पण आहे. ज्यांनी दिली त्यांच्यावर जन्मभर लक्ष ठेवलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. ताईचं बीपी २००६ ला, २००८ ला कळलं असतं तर ती आज इथं असती का? कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण गोळ्या तरी सुरू झाल्या असत्या.

तीन वर्षं पथ्यपाण्यावर निघाली. २०१८ मध्ये मिरजेला डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताची शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला. हात लावला की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. पोरांना ती म्हणायची, "माझ्या हातात मोटार बसवलीय." अंगणवाडीतली पोरं रांग लावून कान लावायची.

त्या हातात घट्ट काही घालायचं नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे बांगड्याही नाहीत. आता नवरा असलेली बाई, आणि एक हात मोकळा. सासूबाईंना ते बघवेना. "एक तरी काचेची असू दे." ताई म्हणाली, "आत्या, उजव्या हातात दुप्पट घालते, हिशेब पूर्ण." आणि खरंच घातल्या.

ब्लाऊजची बाही वर सरकवली की फिस्टुल्यावर काच पडायचा. मी तिच्यासाठी डावी बाही खांद्यापासून खालपर्यंत उघडी ठेवली आणि हुक लावले. डायलिसिसला बसताना उघडायची, झालं की लावायची. ते बघून बाकीच्या बायकांनीही मागितले. मी तसे कितीतरी शिवले. ज्या मैत्रिणी शिवणकाम करतात त्यांना नंतर कापून दाखवते, फार सोपं आहे.

दिवसाला सगळं मिळून लिटरभर पाणी. त्यातच चहा, आमटी, गोळ्यांचं पाणी. ताई चहाची भुकेली, आणि भर उन्हाळ्यात बाटलीवर पट्ट्या ओढून घोट मोजायची. बर्फाचा खडा तोंडात ठेवायची. केळं बंद, शहाळं बंद, भाजी दोन पाण्यांत उकळून. आमच्या तासगावात घरोघरी बेदाणा, तोही बंद. बेदाण्याच्या शेडवरून जाताना नाक दाबायची, नाटक करत.

डायलिसिस सरकारी योजनेतून फुकट होतं. महात्मा फुले योजनेचा आमच्यासारख्यांना आधार झाला, तो नाकारणार नाही. पण डायलिसिस फुकट म्हणजे आजार फुकट नव्हे. एसटीचं भाडं, रक्त वाढायची इंजेक्शनं, बुडालेला दिवस. आठवड्यातून तीन वेळा या म्हणत, ती दोनदा जायची. तिसरा दिवस काढायचा कुठून? अंगणवाडी ताईंना पगार नसतो, मानधन असतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा ती सुया टोचलेल्या अवस्थेत मला फोनवर ओरडून सांगत होती. सिस्टर रागावल्या, बीपी वाढेल म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी ताई संपावर गेल्या, तेव्हा डायलिसिस नसलेल्या दिवशी ही धरण्यावर.

आता तिच्या वहीबद्दल. चार-चार तास गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं डायलिसिसच्या खोलीचं रजिस्टर सुरू केलं, अंगणवाडीसारखंच रकाने आखून. नाव. गाव. आधीचं वजन. नंतरचं वजन. आणि शेवटचा रकाना, 'सोबत कोण?' वही माझ्याकडं आहे. पुरुषांच्या नावापुढं बहुतेक ठिकाणी एकच शब्द, बायको. बायकांच्या नावापुढं आई, मुलगी, बहीण, शेजारीण, आणि पानंच्या पानं 'एकटी'. काही नावांपुढं पुढच्या आठवड्यापासून रेघ आहे. यायच्या थांबल्या म्हणजे काय झालं, ते ताई कधी लिहीत नसे.

दाजी सोबत का यायचे नाहीत? प्रत्यारोपण झालेल्या माणसाला जन्मभर अशा गोळ्या असतात की अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, त्यानं दवाखान्याच्या गर्दीत जायचं नसतं. कारण खरं होतं. मी दाजींना खलनायक करणार नाही. ते ओट्यावर बसून तिची एसटी येईपर्यंत वाट बघायचे. पण खरी कारणंसुद्धा नेहमी एकाच बाजूला कशी पडतात, हे मला कळलेलं नाही. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद झाली, तेव्हा थोरल्या पोरानं पास काढून तिला मोटारसायकलवर नेलं. कमरेला ओढणीनं बांधून, कारण येताना तिला चक्कर यायची.

ताईला किडनी कोण देणार? हा प्रश्न घरात कुणी उच्चारायच्या आधी सहा महिने गेले. उच्चारला तो मी. ओ गटाची किडनी सगळ्यांना चालते, पण ओ गटाच्या माणसाला फक्त ओ गटाचीच लागते. दाजींचा तर प्रश्नच नव्हता. थोरल्या पोराचा गट ए. धाकट्याचा ओ, पण त्याचं नाव काढलं की ताई जेवण टाकायची. माझा बी. गट जुळत नसतानाही प्रत्यारोपण करता येतं, पण तो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. दोन कुटुंबांनी दाते अदलाबदल करायला २०११ च्या दुरुस्तीनं मान्यता दिली आहे. आम्ही २०१९ मध्ये नाव दिलं. तिथं कळलं की ओ गटाच्या रुग्णाला अशी जोडी मिळणं सगळ्यात अवघड. ज्यांच्या घरी ओ गटाचा दाता आहे ते अदलाबदलीला येतातच कशाला? त्यांचं घरातच जुळतं. पुढं २०२० उजाडलं आणि सगळंच थांबलं.

राहिला आमचा दादा. त्याचा गट ओ. दादा काही बोलला नाही. वहिनीनं निरोप पाठवला, "ह्यांना काही झालं तर आम्ही कुणाकडं बघायचं?" मला वहिनीचा राग आला नाही, आजही नाही. तिची भीती खरी आहे. आपल्या समाजात नवऱ्याविना बाईचं काय होतं ते तिला माहीत आहे. फक्त २००४ साली हाच प्रश्न ताईबद्दल कुणी विचारला नव्हता. जाता जाता सांगते, त्याच दादाच्या नावे वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र ताईनं कधीच करून दिलेलं होतं. त्याबद्दलही तिला शाल-नारळ मिळाला नव्हता एवढंच.

ही एकट्या आमच्या घराची गोष्ट असती तर मी इथं उभी राहिले नसते. देशपातळीवर अवयवांची नोंद ठेवणारी नोटो म्हणून सरकारी संस्था आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९,००० हून अधिक पुरुषांसाठी होती आणि ६,९४५ बायकांसाठी, असे आकडे प्रसिद्ध झाले. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र पाचांत चार बायका, त्यातही बायको आणि आई जास्त. किडन्या काय फक्त पुरुषांच्या जातात?

ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोनं राज्यांना कळवलं की मृत दात्याच्या अवयवासाठी थांबलेल्यांच्या यादीत बायकांना प्राधान्य द्या. ज्यांनी पूर्वी आपली किडनी दिली आणि उरलेली निकामी झाली, त्यांना यादीत जादा गुण देण्याची तरतूदही नोटोच्या निकषांत आहे. चांगलं आहे. पण यादीत प्राधान्य मिळायला आधी यादीत नाव पाहिजे. नाव घालायला तपासण्या पाहिजेत, पुण्याच्या खेपा पाहिजेत, फोन आला की रात्री गाडी करून निघणारं माणूस पाहिजे. परत ताईचाच रकाना.

शेवटी फिस्टुला बंद पडला. मानेतून नळी घातली, तिच्यातून जंतुसंसर्ग झाला. चार दिवस ताप. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर होती तेव्हा मला म्हणाली, "पोषण आहाराचं रजिस्टर कपाटावर हाय, मदतनीसबाईला सांग." मग म्हणाली, "चहा दे, कपभर. मोजू नकोस." सिस्टरनी मान हलवली. मी कपभर दिला. तिनं अर्धाच घेतला.

तिला हिरवी साडी नेसवली. मळवट भरला, ओटी भरली. बायका म्हणत होत्या, भाग्याची गं, अहेवपणी गेली. गर्दीतून कुणाचातरी हात आला आणि तिच्या डाव्या हातात हिरवा चुडा चढवायला लागला. सहा वर्षं जपलेला हात. कोपराखाली गाठी आलेल्या, तिथं बांगडी अडली. ती बाई साबण मागत होती. मी तिचा हात धरला आणि बांगड्या काढून घेतल्या. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तिचा हात."

दाजी आज आहेत. ताईची किडनी चालते आहे. भिंतीवरचा तक्ता आता थोरली सून भरते.

या वर्षी गटानं एक काम घ्यायचं ठरवलं आहे. आपल्या तालुक्यात किडनी दिलेल्या बायका शोधायच्या. तुमच्या वाडीवर, भावकीत एखादी असेलच. त्यांची वर्षातून एकदा तपासणी, बीपी, लघवी, क्रिएटिनिन. खर्च फार नाही, सोबत जायला माणसं लागतील. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. रकाने असे आहेत: नाव, गाव, किडनी कधी दिली, कुणाला दिली, शेवटचं बीपी कधी बघितलं, सोबत कोण. ज्यांच्या ओळखीत कुणी आहे त्यांनी जेवणाआधी नावं लिहा. बीपीचं मशीन नर्सबाईंनी आणलं आहे, त्या दोनपर्यंत आहेत. आणि हुकाच्या बाहीचा कागदी साचा मी पाच प्रतींत कापून आणला आहे, पाहिजे त्यांनी घ्या.